टोमॅटोंचं सलून

झटपटरावांनी चाळीस वर्षं लोकांचे केस कापले आणि तीच चाळीस वर्षं लोकांचं डोकंही खाल्लं. दुकानाच्या पाटीवर ‘झटपट’ असं ठळक लिहिलेलं होतं, म्हणून गल्लीनं त्यांनाही तेच नाव चिकटवलं. प्रत्यक्षात एका माणसाला खुर्चीतून मोकळं व्हायला पाऊण तास लागायचा, कारण कात्री एक मिनिट चालली की तोंडाचा पट्टा तीन मिनिटं चालायचा. कोणाच्या घरात कोणाचं कोणाशी पटत नाही, कोणाचा मुलगा तिसऱ्यांदा नापास झाला, कोणत्या डॉक्टरला स्वतःचा खोकला बरा करता येत नाही, हे सगळं ऐकून घेतल्याशिवाय गिऱ्हाइकाची सुटका नव्हती. तरी लोक त्यांच्याकडेच जायचे, कारण हात सुरेख होता. वस्तरा गालावरून फिरायला लागला की माणसाला डुलकी लागायची, आणि गळ्यापाशी वस्तरा असताना माणूस डुलकी काढतो, तेव्हा त्यानं आपल्यावर किती विश्वास टाकलाय हे झटपटरावांना नेमकं ठाऊक होतं.

मग तो हात थरथरायला लागला. सुरुवातीला चहाचा कप बशीवर वाजायचा. झटपटराव म्हणायचे, बशीच वाकडी आहे. मग कात्रीची टोकं गिऱ्हाइकाच्या भुवईजवळ नाचायला लागली. झटपटराव म्हणायचे, गिऱ्हाईकच हलतंय. शेवटी एका सकाळी समोरच्या शाळेतल्या मास्तरांच्या कानाची पाळी कापली गेली. फार नाही, पण रक्त आलं ते आलंच. तुरटी लावता लावता झटपटरावांचा चेहरा इतका पडला की मास्तरच त्यांची समजूत घालायला लागले. “असू द्या हो,” ते म्हणाले, “देवानं कान दोन दिलेत ते उगाच नाही.” दुकानातली सगळी माणसं हसली. झटपटरावही हसले. संध्याकाळी त्यांनी शटर खाली ओढलं आणि दुसऱ्या दिवशी ते वर केलंच नाही.

दुकानातून त्यांनी घरी आणली एक फिरती खुर्ची, एक आरसा आणि हत्यारांची पेटी. उजवा हात आणला तो पँटच्या खिशात, आणि तो तिथून बाहेर निघेना. नळ डाव्या हातानं, वर्तमानपत्र डाव्या हातानं, जेवायला बायकोचं पान उचलल्यावर एकटे, भिंतीकडे तोंड करून. कोणी रस्त्यात भेटून हात पुढे केला तर हे मान हलवायचे, आणि समोरच्याला वाटायचं की म्हातारा आता गर्विष्ठ झाला. पण या सगळ्यापेक्षा वाईट गोष्ट अशी की झटपटराव गप्प झाले.

त्यांची बायको मागच्या खिडकीजवळ शिलाईमशीन टाकून गल्लीभराचे कपडे शिवायची. तिनं तीस वर्षं देवाकडे रोज एकच मागणं मागितलं होतं, की या माणसाला पाच मिनिटं गप्प बसव. ते मागणं मान्य झाल्यावर आठ दिवसांत ती रडकुंडीला आली. मशीन थांबली की घरात दुसरा आवाजच नाही. तिनं आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. “काहीतरी कर बाबा,” ती म्हणाली. “पूर्वी यांच्या बडबडीनं मरत होते, आता शांततेनं मरेन.”

हा मेहुणा म्हणजे उंटावरचा शहाणा. त्यानं आजवर सहा धंदे केले आणि सहाही बुडवले. सातवा धंदा पॉलीहाऊस उभारून द्यायचा होता, म्हणजे लोखंडी पाइपांच्या कमानी आणि वर जाड प्लास्टिक. एका गिऱ्हाइकानं पैसे दिले नाहीत म्हणून कमानी मेहुण्याच्याच अंगणात पडून होत्या. दोन दिवस ठोकाठोकी करून त्यानं त्या बहिणीच्या मागच्या अंगणात उभ्या केल्या. चौदा पावलं लांब, पाच पावलं रुंद, आणि एका बाजूनं जरा कललेलं, जणू आत्ताच उठून कुठेतरी जायचंय. “भावोजी, आता यात भाजी लावा,” तो म्हणाला. झटपटरावांनी आयुष्यात कधी झाड लावलं नव्हतं. त्यांच्या मते भाजी पिशवीत उगवायची.

नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, म्हणून ते काही बोलले नाहीत. पण आत जाऊन पाहिलं तर त्यांना एक गोष्ट आवडली. तिथे आत असलं की बाहेरच्याला आपण नुसते धुरकट दिसतो. कोणाला हात दिसत नाही.

आठवड्याभरात फिरती खुर्ची आत गेली. मग आरसा गेला, का तर कोपऱ्यातल्या वाफ्यावर ऊन पाडायला. गिऱ्हाइकांच्या केसांवर पाणी मारायचा फवारा कोथिंबिरीच्या वाफ्याला लागला. गळ्याभोवती बांधायची काळी कापडं कडक उन्हात रोपांवर सावली धरू लागली आणि लहान कात्री छाटणीला आली. पुदिना, मिरच्या, काकडीचे दोन वेल, लिंबाचं एक रोप आणि मधल्या दोन ओळींत टोमॅटो. चोवीस टोमॅटो, आणि प्रत्येकाला जुन्या गिऱ्हाइकाचं नाव. वाकडा वाढतो तो वकील. ज्याला पानंच कमी तो टकल्या. ज्याला रोज काही ना काही होतं तो डॉक्टर. दारापाशी ताठ उभा होता तो मास्तर, आणि त्याला पाणी घालताना झटपटराव जरा नजर चुकवायचे.

एक दिवस बायको खिडकीत बटणं लावत होती आणि तिच्या कानावर काहीतरी पुटपुटणं आलं. तिनं सुई थांबवली. झटपटराव वकिलाला सांगत होते की तुझ्या चुलत भावानं जागेचा निकाल लागायच्या आधीच भिंत घातली, हे काही बरं केलं नाही. चुलत भाऊ, भिंत, जागा, सगळं दहा वर्षांपूर्वीचं होतं आणि खरा वकील केव्हाच गाव सोडून गेला होता. बायकोनं डोळे पुसले आणि बटण उलटं लावलं.

टोमॅटोला फुलं आली. पिवळी, नाजूक, घोसाघोसानं. आणि जशी आली तशी गळून पडली. देठाजवळून पिवळी पडायची आणि सकाळी मातीवर सडा. झटपटरावांनी खत घातलं, पाणी वाढवलं, पाणी तोडलं, वकिलाला शिव्या घातल्या. मेहुण्यानं येऊन पाहिलं आणि “हवामान” असं म्हणून तो निघून गेला.

शेवटी ते बायकोबरोबर रोपवालीकडे गेले. ती बाजाराच्या तोंडाशी रोपं विकत बसायची, आणि तिला उद्धटपणात कोणी हरवलं नव्हतं. “बंद घरात लावलेत ना?” ती म्हणाली. “मग कशी धरतील? आत वारा नाही, माशी नाही. फूल हललं तर आतली पूड खाली पडणार, पूड पडली तर फळ धरणार. हलवा जरा. हात नाहीत का?”

ती हे सहज बोलली. कोणीही बोललं असतं. पण झटपटरावांचा खिशातला हात खिशात आणखी खोल गेला. त्यांनी पाठ फिरवली आणि चालू लागले. बायकोनं घाईघाईनं पिशवी उचलली आणि त्यांच्या मागे धावली. 

पुढचे दोन दिवस फुलं गळतच राहिली. तिसऱ्या दिवशी मास्तराचं झाड दोरीला बांधायचं होतं. दोरी वरच्या तारेवरून सोडलेली, खाली देठाभोवती सैल फास. एका हाताचं काम नव्हे ते. झटपटरावांनी दोरीचं टोक दातांत धरून पाहिलं, कोपरानं दाबून पाहिलं, घाम निघाला. मग त्यांनी प्लास्टिकच्या भिंतीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आरशात एक घामट म्हातारा होता त्याच्याकडे पाहिलं आणि उजवा हात बाहेर काढला.

तो नेहमीसारखाच थडथड उडत होता. त्यांनी घोसाच्या देठाला बोटं लावली, आणि सगळा घोस त्या हाताबरोबर थरथरायला लागला. खाली काळं कापड अंथरलेलं होतं. त्यावर पिवळी पूड पडली. अगदी बारीक, पावडरच्या डबीचं झाकण उघडल्यासारखी. झटपटराव खाली वाकले, बोटाला लावून पाहिली, परत वर पाहिलं. मग त्यांनी दुसऱ्या घोसाला हात लावला. परत पूड. तिसऱ्याला लावला. तासाभरात चोवीसच्या चोवीस झाडांवरून हात फिरला होता, आणि कापडाची पार हळद झाली होती.

पंधरा दिवसांनी वाटाण्याएवढे हिरवे मणी धरलेले दिसले, आणि मग झटपटरावांना कोण आवरणार? इतके महिने तुंबलेलं बोलणं एकदम बाहेर आलं. “लोकांना यासाठी मशीन घ्यावं लागतं,” ते अकराच्या चहाला टपरीवर सांगू लागले. “मला वरूनच बसवून मिळालंय. वीज नको, सेल नको, चोवीस तास चालू.” आणि भरल्या टपरीत त्यांनी उजवा हात बाहेर काढून दाखवला. कोणी हसलं, कोणी नजर वळवली, पण झटपटरावांना त्याचं काही नव्हतं. आता रस्त्यात ते होऊन हात मिळवायचे आणि समोरच्याचा खांदा हादरेपर्यंत सोडायचे नाहीत. घरी बायकोबरोबर जेवायला बसायचे. पाणी सांडायचं. “सांडू दे,” म्हणायचे.

मास्तर टोमॅटो बघायला आले. झटपटरावांनी त्यांना त्यांच्या नावाचं झाड दाखवलं आणि पहिला पिकलेला टोमॅटो त्यांच्याच हातावर ठेवला. “कानाची भरपाई,” ते म्हणाले. मास्तरांनी तो तिथेच उभ्या उभ्या खाल्ला, रस शर्टावर सांडला आणि म्हणाले, “दुसरा कानही घ्या, काही हरकत नाही.”

इथवर सगळं ठीक होतं. मग लेक माहेरी आली आणि तिनं बापाला एका नव्या डॉक्टरकडे नेलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. डॉक्टरांनी झटपटरावांना कागदावर गोल गोल रेषा काढायला लावल्या, त्या पाहून मान डोलावली आणि म्हणाले की हा काही जीवघेणा आजार नाही, पुष्कळांना होतो, गोळीनं पुष्कळ कमी होतो. सकाळी एक, रात्री एक. “फक्त मनानं बंद करू नका,” त्यांनी दोनदा बजावलं. “एकदम सोडलीत तर छातीत धडधडेल, चक्कर येईल.”

गोळीनं खरोखर गुण आला. आठ दिवसांत हात निवला. पूर्ण नाही, पण कप वाजेनासा झाला. झटपटरावांनी स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः लावली, खालपासून वरपर्यंत, आणि लेकीला आठ वर्षांची असल्यासारखं बोलावून दाखवली. ती रडली, आई रडली, मेहुण्यानं येऊन सांगितलं की मी म्हणतच होतो. लेक समाधानानं सासरी गेली.

आणि टोमॅटोंचा चौथा घोस गळला.

झटपटरावांना आधी खरं वाटेना. खालचे तीन घोस फळांनी लगडलेले, आणि त्यांच्यावर चौथ्याच्या जागी नुसता वाळका देठ. वकिलाचा, टकल्याचा, मास्तराचा, सगळ्यांचा. ते रोजच्यासारखेच सकाळी हात ठेवत होते. पूड पडत नव्हती. हात घोसाला धरून राहायचा आणि घोस हाताशी गप्प राहायचा. चार दिवस त्यांनी हे पाहिलं. पाचव्या दिवशी त्यांनी सकाळची गोळी जिभेखाली धरली, पॉलीहाऊसमध्ये गेले आणि पुदिन्याच्या कुंडीत बोटभर खोल पुरली. रात्रीची गोळीही तिथेच गेली. कापऱ्या हातानं धरलेले टोमॅटो हवेत की स्थिर हातानं लावलेली बटणं, एवढाच सवाल होता, आणि बटणं काय, बायकोही लावून देईल.

सहा-सात दिवसांत थरथर परत आली. पाचवा घोस धरला. सहावाही धरला. झटपटराव आतल्या आत खूश होते आणि ताकास तूर लागू देत नव्हते. बायकोनं विचारलं, “गोळी घेतली?” की म्हणायचे, “घेतली की.” तिला वाटलं, नव्याचे नऊ दिवस, औषधाचा गुण ओसरला असेल. लेकीला फोन करून सांगायचं तिनं मनात ठेवलं होतं.

मग एका दुपारी तिनं खिडकीतून पाहिलं तर प्लास्टिकपलीकडची धुरकट आकृती खुर्चीत बसलेली होती आणि मुळीच बोलत नव्हती. ती मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून धावली. झटपटरावांचा चेहरा पांढराफटक, घामानं शर्ट भिजलेला, आणि छातीची धडधड बाहेरून दिसत होती. तिनं दार सताड उघडलं, त्यांच्या तोंडावर फवारा मारला आणि डोकं ओल्या कापडानं पुसलं. अर्ध्या तासानं रंग परतला. काहीतरी सुवासिक हुंगायला द्यावं म्हणून ती पुदिना तोडायला वळली, घाईत जोरानं ओढला, आणि मुळासकट उपटलेल्या काडीबरोबर तीन-चार पांढऱ्या गोळ्या वर आल्या. तिनं माती उकरली. आणखी निघाल्या. काही विरघळून पिठासारख्या झाल्या होत्या.

“हे काय आहे?”

 झटपटराव म्हणाले, “अगं, गोळीनं हात बसतो. हात बसला की फळ बसत नाही.”

“म्हणून औषध पुदिन्याला?”

“चौथा घोस बघ. सगळा गेला. गोळी सोडली आणि पाचवा बघ कसा भरलाय. माझ्या हाताशिवाय यांचं काही खरं नाही. या हातानं आता एवढंच होतं, तर तेवढंही नको का करू?”

तिला हसू आलं, मग भीती वाटली, आणि भीतीचा राग झाला. रागात माणूस नेमकं तेच बोलतो जे कधी बोलायचं नाही असं ठरवलेलं असतं. “तुमचा हात!” ती म्हणाली. “तुमच्या हातानं नाही धरलेत टोमॅटो. त्या रोपवालीनं सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी येतेय इथे. तुम्ही अकराला चहाला गेलात की मी येते, आणि फूटपट्टीनं एकेका घोसाच्या देठाला टिचकी मारते. चोवीसच्या चोवीस. मला वाटलं, हे काही खिशातून हात काढायचे नाहीत. मग तुम्ही काढलात, मिरवायला लागलात, तर मी कशाला बोलू? पण यापायी मरायला निघालात तर मी गप्प बसायची नाही!”

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय केलं.  झटपटराव खुर्चीतून हळूच उठले, उजवा हात खिशात घातला आणि घरात गेले.

तीन दिवस ते पॉलीहाऊसकडे फिरकले नाहीत. चहालाही गेले नाहीत. सकाळ-रात्र गोळी मात्र आज्ञाधारक मुलासारखी तिच्यासमोर घ्यायचे, पेला रिकामा करून दाखवायचे आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचे. जेवण परत तिच्यानंतर. तिनं भांडून पाहिलं, ते भांडेनात. मेहुणा येऊन बसला, तर त्याला चक्क शिवीसुद्धा मिळाली नाही, आणि तो घाबरून लवकर गेला. तिला स्वतःच्या जिभेचा इतका संताप आला की तिनं एक चांगला शर्ट दोनदा उसवला. छातीची धडधड गोळीनं थांबली होती. हे गप्प बसणं थांबवायला औषध नव्हतं, आणि हे दुखणं तिनंच दिलं होतं.

चौथ्या दिवशी अकरा वाजता ती फूटपट्टी घेऊन पॉलीहाऊसमध्ये शिरली. झाडांनी काय केलंय? ती मास्तराच्या झाडापाशी उभी राहिली. वर सातवा घोस फुलला होता. तिनं त्याला टिचकी मारायला हात उचलला आणि कळ येऊन तो मध्येच अडकला. वर्षभर तिचा उजवा खांदा धरला होता. मशीनवर वाकून वाकून हे दुखणं शिंप्याला होतंच. हात खांद्याच्या वर जायचा नाही म्हणून ती गिऱ्हाइकाचे खांदे मोजायलाही गिऱ्हाइकालाच वाकायला लावायची. ती तशीच अर्धवट हात उचलून उभी राहिली आणि फूटपट्टीचं टोक कुठवर पोचतंय ते पाहिलं. तिसऱ्या घोसापर्यंत. मग तिनं मान वर केली.

ती इतक्या जोरानं ओरडली की झटपटराव अनवाणी धावत आले. त्यांना वाटलं, साप.

“मोजा,” ती म्हणाली.

“काय मोजू?”

“घोस मोजा. माझा हात एवढाच जातो. हे बघा. इथवर. खालचे तीन कोणाचे ते देवाला ठाऊक, तुम्हीही हात लावत होतात आणि मीही. चौथा गळला. पण हा पाचवा? हा सहावा? तिथे माझा हात या जन्मी जायचा नाही. मग हे कोणी धरवले?”

झटपटरावांनी वर पाहिलं. पाचव्या घोसाला सहा फळं होती, सहाव्याला पाच. हिरवीगार, टणक.

“वाऱ्यानं,” ते म्हणाले.

“दार लावून ठेवता तुम्ही. वारा काय भिंतीतून येतो?”

“तू खाली टिचकी मारलीस की झाड वरपर्यंत हलत असेल.”

“मग चौथ्याला का नाही हललं? तेव्हाही मारतच होते की मी!”

 स्वतःच्या विरुद्ध वकिली करणारा माणूस झटपटरावांनी खुर्चीत पुष्कळ पाहिला होता, आणि तो शेवटी असाच तोंड मिटून बसायचा. तिनं त्यांचं मनगट धरलं आणि हात खिशातून ओढून काढला. चार दिवसांच्या गोळीनं तो बराच शांत होता.

“चौथ्याच्या वेळी तुम्ही करत काय होतात?” तिनं विचारलं.

“रोजच्यासारखा हात ठेवत होतो.”

“आणि हलवत होतात?”

“हलवायचा कशाला? तो आपला आपणच...” झटपटराव थांबले. त्यांनी हाताकडे पाहिलं, घोसाकडे पाहिलं, परत हाताकडे पाहिलं. “अगं,” ते हळू आवाजात म्हणाले, “मुद्दाम हलवायचं सुचलंच नाही मला.”

“चाळीस वर्षं लोकांची मुंडकी धरून इकडची तिकडे फिरवलीत. एक टोमॅटो हलवायला औषध बंद करावं लागतं होय तुम्हाला?” ती हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. “हात तुमचाच आहे हो. थरथरला तरी तुमचा आणि बसला तरी तुमचाच.”

झटपटरावांनी सातव्या घोसाचा देठ दोन बोटांत धरला आणि हलवला. मुद्दाम, मापात, गिऱ्हाइकाची मान जरा डावीकडे घ्यावी तसा. ती खाली अगदी जवळ उभी होती. सगळी पूड तिच्या केसांत पडली. त्यांनी ती बोटांनी झटकली आणि त्यांचं बोट तिथेच थांबलं. 

“दे ती फूटपट्टी इकडे,” ते म्हणाले.

“का?”

“फार जोरात मारतेस. वकिलाचे दोन देठ मोडलेत, डॉक्टरचा एक. महिनाभर मी शेजारच्या मांजराला शिव्या देतोय.”

“मग आता त्या शिव्या मला द्या,” ती म्हणाली आणि फिरत्या खुर्चीत जाऊन बसली.

झटपटरावांनी घसा साफ केला आणि मांजरापासून सुरुवात केली. मग तिचे फटके, मेहुण्याचे सहा धंदे, रोपवालीची जीभ, आणि वकिलाच्या चुलत भावाची ती भिंत. एकेका झाडाचा घोस हलवत ते ओळीच्या टोकापर्यंत गेले, परत आले, आणि तोंड एक क्षण थांबलं नाही. शिवायचे कपडे तसेच पडून राहिले, जेवायची वेळ टळून गेली, आणि तिनं सगळ्या शिव्या शेवटपर्यंत ऐकून घेतल्या.